न्हाणीचा कूड

परभणीला मी काड्या आणायला गेलो होतो. असं सांगितलं की पुण्यातले लोक हसतात, आणि परभणीतले त्याहून जास्त हसले. पण खरं तेच आहे. जाताना पिशवीत दोन जोडी कपडे, सुतळीचा गुंडा, झाडं छाटायची कात्री आणि घडी घातलेली रिकामी पोती एवढंच सामान होतं. गाडीत शेजारच्या बाईंनी पोत्यांकडे बघून मला धान्याचा व्यापारी ठरवलं आणि तुरीचा भाव विचारला. मला तो माहीत नव्हता, त्यामुळे त्यांचा माझ्यावरचा विश्वास तिथंच उडाला.

काड्या कशाला, ते आधी सांगतो. मी मूळचा मालवणकडचा. पुण्यात एका संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि एकटा राहतो. माझ्याबरोबर मिलिंद होता, जिंतूरकडचा. आम्ही दोघं सोडियमची बॅटरी करायच्या मागं लागलो होतो. तुमच्या मोबाइलात असते ती लिथियमची. लिथियम आपल्याकडे फारसं नाही, बाहेरून आणावं लागतं. सोडियम मात्र मिठात असतं, म्हणजे आमच्या किनाऱ्यावर हवं तेवढं. अडचण एवढीच की सोडियमचा कण अंगानं मोठा. लिथियमच्या बॅटरीत जे ग्राफाइट वापरतात, त्याच्या थरांत तो नीट शिरत नाही. त्याला वेगळ्या जातीचा कार्बन लागतो, कडक आणि आतून वेडावाकडा. तो करवंट्या, भुसा, लाकूडफाटा असलं काहीबाही बिनहवेच्या भट्टीत खूप तापवून करता येतो. मिलिंदनं त्यासाठी पऱ्हाटी घेतली. कापूस वेचून झाल्यावर कपाशीची जी वाळकी काडी शेतात उभी राहते, ती पऱ्हाटी. "सर, मीठ तुमचं, पऱ्हाटी आमची," असं तो म्हणायचा. "आता बॅटरी झाली न्हाई तर दोष पुण्याचा."

एकदा तो गावाहून येताना पऱ्हाटीचं एक पोतं घेऊन आला. या कार्बनची एक खोड असते. पहिल्याच भरणीत, म्हणजे पहिल्या चार्जिंगला, सोडियम आत जातं आणि त्यातलं बरंचसं आतच अडकून बसतं, परत येत नाही. त्या पोत्यातल्या पऱ्हाटीच्या कार्बनमधून जवळजवळ सगळं परत येत होतं. शोधनिबंध छापून आला, त्यावर मिलिंदच्या मागं माझंही नाव होतं. मग पावसाळ्यात एका सकाळी बसस्टॉपवर मिलिंदच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. चाळिशीचा होता.

त्यानंतर त्याच्यासारखे आकडे कोणालाच मिळेनात. मी दुसऱ्या ठिकाणांहून पऱ्हाटी मागवली, ती कोळसा करून आम्लानं धुतली, सगळं त्याच्यासारखंच केलं, तरी नाहीच. बाहेरच्या प्रयोगशाळांतूनही तक्रारी आल्या. मिलिंदनं आकडे हातानं सुधारले असावेत, असं आधी चहाच्या टेबलावर आणि मग बैठकीत बोललं गेलं. विभागप्रमुख मला म्हणाले, "परब, निबंध मागं घेऊ. तुम्ही संमती द्या, विषय संपेल." मेलेला माणूस उत्तर देत नाही, त्यामुळे त्याचा विषय संपवणं सोपं असतं. मी थोडी मुदत मागून घेतली. मूळ पोतं संपलं होतं. तसंच दुसरं आणायचं आणि मिलिंद खोटा नव्हता हे दाखवायचं, एवढ्यासाठी मी निघालो होतो. तो खोटा निघाला तर काय, हा विचारही बरोबर होताच. तो पोत्यांच्या खाली दाबून ठेवला होता.

परभणी

स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. मॅनेजरनं कामाचं विचारलं. कपाशीच्या पऱ्हाट्या बघायला आलो, असं सांगितल्यावर त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"बघायला?"

"बघायला आणि न्यायला."

"लय मोकळा टाईम हाय म्हना तुमाला," असं म्हणून त्यानं किल्ली दिली आणि मागून चहाही पाठवला. एवढा गोड चहा मी आयुष्यात प्यालो नव्हतो. आमच्याकडे माणूस आधी चौकशी करतो आणि जमलं तर चहा विचारतो. इथं दोन्ही एकदम होतं.

थंडी सरत आली होती. दुपारी ऊन चांगलंच लागायचं, सकाळी मात्र स्वेटर काढवत नव्हता. जेवायला खानावळीत गेलो आणि सवयीनं दोघांचं टेबल धरलं. समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. पुण्यात आमचा डबा एकच असायचा. मी भात आणि माशाचं सार आणायचो, तो भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझा भात तो संपवायचा आणि त्याच्या भाकरीवर माझा डोळा असायचा. आता मी भाकरी मागवली आणि ती एकट्याला जाईना.

खरं तर मी सरळ मिलिंदच्या गावाला जायला हवं होतं. गावाचं नाव मला माहीत होतं, फाटा माहीत होता. पण इतक्या वर्षांत त्यानं मला एकदाही घरी बोलावलं नव्हतं. मी त्याला मालवणला दोनदा नेलं. तिथं तो समुद्राला घाबरला आणि माशांवर तुटून पडला. मी त्याच्या गावाचं काढलं की तो "जाऊ की सर, जाऊ की" म्हणत विषय बदलायचा. ते मी मनाला लावून घेतलं होतं. त्याचा देह गावी नेला तेव्हाही बिनबोलावता जायचा मला धीर झाला नाही. आणि आता त्याच्या आईपुढं उभं राहून काय सांगणार होतो? तुमचा मुलगा खरा होता की खोटा, ते बघायला आलोय? म्हणून मी शास्त्राची ढाल पुढं केली. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या मातीतले नमुने घ्यायचे, आधी पालम, मग झरी. जिंतूर शेवटी.

पालम

पालमच्या एसटीत खिडकी मिळाली. आमच्या कोकणात रस्त्यानं जाताना दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, मध्ये झाड येतं नाहीतर डोंगर. इथं जमीन अशी पसरलेली की लांबच्या बांधावरचं माणूसही दिसतं, आणि ते एकटं आहे हेही दिसतं. काळी, भेगाळलेली माती, मध्येच हरभऱ्याचे हिरवे तुकडे, कणसं धरलेली ज्वारी. आणि वेचून झालेल्या कपाशीची रानं, तपकिरी, बोंडांची रिकामी टरफलं मिरवणारी. हेच बघायला मी आलो होतो, तरी पहिल्यांदा दिसल्यावर मन उदास झालं.

गावाबाहेरच्या एका रानात नवराबायको पऱ्हाटी उपटत होते. लोखंडी चिमटा बुडाशी लावायचा, दांडा दाबायचा, की काडी मुळासकट वर. मी थोड्या काड्या मागितल्या. त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं.

"पुन्यात जळन मिळंना का?" बाईंनी विचारलं.

"जाळायलाच नेतोय, पण बॅटरीसाठी," मी म्हणालो.

नवरा बायकोला हळूच म्हणाला, "दे बाई, शिकेल मानूस दिसायलाय." शिकलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही, असा त्याचा सूर होता. मी स्वतः चिमटा चालवून बघितला. दोन काड्या निघाल्या, तिसरीला मी पाठीवर पडलो. बाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग त्यांनीच भराभरा पोतं भरून दिलं.

येताना कंडक्टर पोतं आत घेईना. टोकं बाहेर आली होती, लोकांना लागतील म्हणत होता. तेवढ्यात मागून एक म्हातारे बोलले, "घे रे, पाव्हन्याची चूल पेटायची हाय." सगळी बस हसली, मीही हसलो. पोतं माझ्या मांडीवर आलं आणि गंगाखेडपर्यंत पऱ्हाटी माझ्या हनुवटीला टोचत राहिली. एवढ्या माणसांत बसलो होतो, पण हसल्यावर वळून सांगावं असं शेजारी कोणी नव्हतं.

झरी

झरीत एका मोठ्या शेतकऱ्याकडं लॉजच्या मॅनेजरनंच धाडलं. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही अण्णाच म्हणालो. मी पोचलो तेव्हा त्यांच्या रानात ट्रॅक्टर चालला होता आणि मागच्या यंत्रानं उभ्या पऱ्हाटीचा चुरा होऊन मातीत मिसळत होता. बोंडअळी राहू नये म्हणून आता असंच करतात. माझ्यासाठी त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि कडेच्या दोन ओळी सोडून दिल्या.

मी मातीची पुडी बांधली, काड्यांची जाडी मापली, कपाशीच्या वाणाचं नाव विचारलं. अण्णा हे सगळं बांधावर बसून मजेनं बघत होते.

"ही पऱ्हाटी अन् जिंतूरची पऱ्हाटी, ह्यात फरक काय असतोय सर?"

"तेच बघायचंय. एका गावच्या पऱ्हाटीत काहीतरी वेगळं होतं."

"मला न्हाई वाटत," अण्णा म्हणाले. "बियानं सगळ्यायचं दुकानातलंच. खत तेच, फवारनी तीच. माती हलकी-भारी असंल, पन काडी ती काडीच की."

ते वाईट हेतूनं बोलले नव्हते. पण प्रयोगशाळेत माझ्यासमोर हेच वाक्य वेगळ्या भाषेत मांडलं गेलं होतं. काडी ती काडीच असेल, तर मिलिंदच्या पोत्यात असं काय निराळं होतं? निराळं काही नसेल, तर आकडे कुठून आले?

अण्णांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. गरम धपाटे, वर लोणी, बाजूला दही आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी अशी झणझणीत की मला माशाची आठवणसुद्धा झाली नाही. घरात माणसं खूप होती, सुना, नातवंडं, कोणाचे तरी मामा. वाढताना अण्णांच्या पत्नींनी विचारलं, "घरी कोन कोन असतंय?"

"कोणी नाही. मी एकटाच."

लगेच माझ्या ताटात आणखी एक धपाटा पडला. मला भूक नव्हती, तरी मी तो पूर्ण खाल्ला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

जिंतूरच्या पुढं

आता टाळायला काही उरलं नव्हतं. झरीहूनच पुढं जिंतूरची एसटी धरली, तिथून जीपनं फाट्यावर उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही. लोक उगाच चौकशीला जातील आणि मिलिंदच्या आईला त्याचा त्रास. सपाट रान संपून इथं लहान लहान टेकड्या सुरू होतात, पळस फुलायला लागले होते. वाटेत दोन्हीकडं सोयाबीन निघून गेलेली मोकळी शिवारं आणि हरभरा. कपाशी जवळपास दिसत नव्हती, आणि हे मला चालता चालताच खटकायला लागलं.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारात शेळी बांधलेली. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली मिलिंद. हार वाळून गेला होता. आई दारातच तूर पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आत त्यांनी सूप खाली ठेवलं.

"परब सर तुमीच व्हय?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"समुद्रात पँट वर खवसून उभे हाव. लेकरानं फोटू दावला होता." मग त्या मिलिंदच्या फोटोकडं वळून म्हणाल्या, "आले बघ." एवढं बोलून त्या आत पाणी आणायला गेल्या. मी तिथंच पायरीवर बसलो.

त्या एकट्याच राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब दिली आहे. आमचं बोलणं बराच वेळ त्याच्याभोवतीच फिरत राहिलं. मिलिंद लहानपणी काय खायचा, पुण्यात काय खायचा. त्याचं लग्न राहून गेलं याचा दोष त्यांनी थोडा मला दिला. "तुमीच एकटे हाव, तर त्याला कुठून सुचनार," असं म्हणाल्या. मी कबूल झालो. निबंधाचं मी काढलंच नाही. मिलिंदचं काम पुढं न्यायचंय, त्याच्यासाठी तसलीच पऱ्हाटी हवी, एवढंच सांगितलं.

"तुमच्या कोणत्या रानातली होती ती?"

"आमच्या वावरात कुठली पऱ्हाटी? वावर बटईनं दिलंय. कापूस लावून लय वर्सं झाली."

निबंधात मिलिंदनं साफ लिहिलं होतं, कपाशीच्या काड्या, परभणी जिल्हा. आणि इथं कपाशीच नव्हती. मनात नको ते येऊन गेलं. मग मी विचारलं, "पण तो पोतं घेऊन आला होता, आई. मी स्वतः ते रिक्षातून उतरवून घेतलं होतं."

"ते व्हय," त्या म्हणाल्या. "ती न्हाणीची होती."

त्या मला घरामागं घेऊन गेल्या. तिथं एक गुळगुळीत झालेली शिळा होती, तिच्या कडेनं पाणी जायला नाली, आणि नालीत शेवाळ. शिळेच्या भोवती जमिनीत खुंटाची भोकं दिसत होती. "हितं कूड होता," त्या म्हणाल्या. "पऱ्हाट्याचा. त्याच्या बापानं घातलेला. कापूस होता तवाचा." आमच्याकडं न्हाणीला नारळाच्या झापांचा आडोसा करतात, दर वर्षी नवा. इकडं झाप कुठून येणार? त्यांनी पऱ्हाट्या उभ्या विणून आडोसा केला होता. घरातली सगळी माणसं वर्षानुवर्षं त्याच्या आत आंघोळ करत आली. तांब्यातांब्यानं पाणी अंगावरून कुडावर, साबणासकट.

"मंग पक्की न्हाणी बांधली, कूड पाडला. तेच लेकरानं पोत्यात भरलं. म्हनलं, जुनं जळन कशाला न्यायलास रे? म्हनला, वाळेल हाय, हाताशी हाय. बसची घाई होती त्याला."

एका कोपऱ्यात कोंबड्यांच्या खुराड्यावर त्याच कुडाचा एक तुकडा झाकण म्हणून टाकलेला होता. मी तो उचलला. काड्या पांढुरक्या पडल्या होत्या, हाताला हलक्या लागत होत्या. मी चुलीपाशी गेलो. एका जुन्या तव्यावर झरीच्या काडीचे तुकडे ठेवले, दुसऱ्यावर तितकेच कुडाचे, आणि दोन्ही पूर्ण जळू दिले. आई म्हणाल्या, "आवं, तवे कामून खराब करायलाव?" झरीच्या काडीची चांगली मूठभर करडी राख राहिली. कुडाच्या काडीची चिमूट निघाली, फुंकरीनं उडून जाईल अशी.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. झाडाच्या अंगात क्षार असतात, राखेत उरतात ते तेच. भट्टीत ते कार्बनला आतून कुरतडतात, भोकं पाडतात, आणि त्या भोकांत सोडियम अडकून बसतं. आम्ही सगळे कोळसा झाल्यावर धूत होतो, म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप लावत होतो. या काड्या भट्टीत जायच्या कितीतरी आधी धुऊन निघाल्या होत्या. मिलिंदला ते माहीत नव्हतं. त्यानं हाताला आली ती पऱ्हाटी घेतली आणि पऱ्हाटी म्हणून लिहिलं. आईच्या न्हाणीचा कूड, असं कोण लिहितं?

तो खरा होता. हे कळल्यावर मला मोठ्यानं काहीतरी बोलावंसं वाटलं, पण ज्याच्याशी बोलायचं तो भिंतीवर होता. मी तवे घासायला बसलो. आई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या," तरी घासले.

संध्याकाळी त्यांनी जाऊ दिलं नाही. भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा. जेवताना मी सहज म्हणालो, "मिलिंदनं मला इथं आधीच आणायला हवं होतं."

"तो लय म्हनायचा. मीच न्हाई म्हनले. म्हनलं, ते मोठे सर, कुडात आंघोळ करतील का? बाहेर मानसं जायलेत, यायलेत. आधी न्हाणी बांध पक्की, मंग आन पाव्हने." भाकरी वाढत त्या म्हणाल्या, "मंग त्यानं बांधली. दिवाळीला सरांना आनतो म्हनला."

त्या दिवाळीच्या आधी पावसाळा आला होता. इतकी वर्षं मी मनात धरून बसलो होतो की त्याला मी घरी नको होतो. आणि ज्या पोत्यासाठी मी सगळा जिल्हा हिंडलो, ते पोतं माझ्यासाठी आंघोळीची सोय करताना निघालेलं होतं.

सकाळी त्यांनी चुलीवर पाणी तापवलं. शिळेच्या पलीकडं विटांची छोटी न्हाणी, निळं पत्र्याचं दार, आत गुळगुळीत फरशी. कोपऱ्यात नवा साबण, कागदासकट. त्या स्वतः अजून शिळेवरच साडीचा आडोसा करून आंघोळ करतात. "पाव्हन्याच्या आधी आपन कशी वापरावी," असं म्हणाल्या. बादली आत ठेवून त्यांनी दार लोटून घेतलं. मी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि रडलो. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तांब्यामागून तांब्या ओतत राहिलो. पाणी संपलं तेव्हा त्यांनी बाहेरून विचारलं, "आनखी आनू का?" मी हो म्हणालो.

पुणे

येताना कुडाचा तुकडा पोत्यात घालून आणला. त्याच्या कार्बनचे आकडे आले, ते मिलिंदच्या आकड्यांना लागून होते. मग मी झरीची आणि पालमची पऱ्हाटी माझ्या घरच्या न्हाणीघरात टबात भिजत घातली. रोज पाणी बदलायचं, मधूनमधून साबणाचं ओतायचं, मग गच्चीवर वाळवायची. शेजाऱ्यांनी मला वेड लागलं असं सोसायटीत सांगितलं. या पऱ्हाटीचेही आकडे पुष्कळ जवळ आले. विभागप्रमुखांनी सगळं नीट तपासलं आणि निबंध मागं घ्यायचा नाही, दुरुस्ती छापायची, असं ठरलं. ती दुरुस्ती मी लिहिली. "घरच्या न्हाणीच्या कुडातल्या, आंघोळीच्या पाण्यानं वर्षानुवर्षं भिजलेल्या काड्या," असं मी आधी मराठीत लिहून बघितलं आणि मग जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. प्रमुख म्हणाले, जरा बऱ्या शब्दांत लिहा, दीर्घकाळ जलप्रक्षालित वगैरे. मी बदललं नाही. आमची थोडी वादावादी झाली त्यावरून, पण छापून तसंच आलं.

ते छापून आलं त्या संध्याकाळी आईंना फोन लावला. सांगायला दुसरं माणूस माझ्यापाशी नव्हतं. लोक मिलिंदला काय म्हणत होते, मी कशासाठी आलो होतो, कुडाच्या काडीनं कसं सगळं सिद्ध झालं, मी भरभरून सांगत सुटलो. "आई, मिलिंदचं काम खरं निघालं."

पलीकडं शेळी ओरडलेली ऐकू आली.

"ते खोटं कवा होतं?" त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "मंग तुमी ते बघाया आलता व्हय. मला वाटलं, पाव्हने म्हनून आलाव."

माफी मागितली असती तर त्यांनी ती लगेच दिली असती, म्हणून मागितली नाही. त्यांनीच मग विषय बदलला, न्हाणीच्या दाराची कडी गंजायलीय म्हणाल्या, कोणी वापरत नाही ना.

शनिवारचं परभणीचं तिकीट काढलंय. पिशवीत दोन जोडी कपडे, सुकी कोळंबी आणि एक नवी कडी आहे. या वेळी पोती घेतलेली नाहीत.